कुंपणानेच शेत खाल्ले तेव्हा : व्हीपीएनच्या यादीतील वक्रांचा इतिहास

१/
व्हीपीएनच्या मांडणीत एक लहानशी ओळ असते. दोन टोकांनी गुप्त किल्ली ठरवताना कोणकोणते ‘एलिप्टिक कर्व्ह’, म्हणजे वक्र, वापरावेत याची परवानगी त्या ओळीत दिलेली असते. आयपीसेकमध्ये ती १९, २०, २१, ३१ अशा गटक्रमांकांनी लिहितात, ओपनव्हीपीएनमध्ये वक्रांच्या नावांनी. बहुतेक ठिकाणी ही ओळ जशी आली तशीच राहते. कोणी शंका काढलीच, तर उत्तर ठरलेले असते : ‘हे गणित आहे, यात इतिहासाचे काय काम?’ हा थ्रेड त्या उत्तराविरुद्ध आहे.

२/
त्या यादीतल्या प्रत्येक क्रमांकाला जन्मवर्ष आहे, जन्मस्थळ आहे आणि पालकही आहेत. काहींचे पालकत्व थेट एका हेरसंस्थेकडे जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला कागद अस्सल, नक्कल की बनावट हे विचारण्याची सवय असते. बखरीतला फौजेचा आकडा तो निमूट स्वीकारत नाही. कोणी लिहिला, कधी लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला, हे आधी पाहतो. हीच साधनचिकित्सा व्हीपीएनच्या यादीला लावायला हवी. ती लावली जात नाही, म्हणून हेरांचे फावते.

३/
आधी यंत्रणा समजून घ्यावी. १९८५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचे नील कोब्लिट्झ आणि आयबीएमचे व्हिक्टर मिलर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. नावात ‘एलिप्टिक’ असले, तरी हा वक्र लंबवर्तुळ नव्हे. ‘य² = क्ष³ + अक्ष + ब’ असे त्याचे एक रूप. एका अवाढव्य मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकींच्या विश्वात हे समीकरण सोडवले जाते. वक्रावरील एका बिंदूला गुप्त संख्येने गुणणे सोपे असते. उत्तराच्या बिंदूवरून ती गुप्त संख्या शोधणे मात्र आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

४/
व्हीपीएनची दोन्ही टोके एकाच आरंभबिंदूपासून निघतात. प्रत्येक टोक आपली गुप्त संख्या निवडते, तिने आरंभबिंदूला गुणते आणि आलेला बिंदू उघडपणे समोर पाठवते. समोरून आलेल्या बिंदूला पुन्हा आपल्या संख्येने गुणले, की दोघेही एकाच अंतिम बिंदूवर पोहोचतात. तीच सामायिक किल्ली. २५६ बिटांचा वक्र ३०७२ बिटांच्या आरएसए किल्लीच्या तोडीचा मानला जातो. मात्र वक्र आणि आरंभबिंदू दोघांनी आधीच मान्य केलेले असतात. ते निवडले कोणी? वाद तिथूनच सुरू होतो.

५/
या वादाचे मूळ वक्रांपेक्षा जुने आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ‘डीईएस’ ही कूटपद्धती मानक म्हणून स्वीकारली. ती आयबीएमने घडवली होती आणि एनएसए या हेरसंस्थेचा तिच्या घडणीत सल्ला होता. किल्ली अवघ्या ५६ बिटांची ठेवली गेली. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ती तोकडी असल्याचा जाहीर आक्षेप घेतला. पद्धतीतील ‘एस-बॉक्स’ नावाची कोष्टके कोणत्या निकषांवर ठरली, हेही सांगितले गेले नाही.

६/
पुढे काय निघाले? १९९० च्या सुमारास एली बिहाम आणि आदी शमीर यांनी एक नवा हल्ला प्रसिद्ध केला आणि डीईएसची ती संशयित कोष्टके त्या हल्ल्यापुढे चांगलीच टिकली. आयबीएमला ही युक्ती १९७४ पासूनच ठाऊक होती, असे डॉन कॉपरस्मिथ यांनी १९९४ मध्ये उघड केले. म्हणजे कोष्टकांवरचा संशय खोटा ठरला. किल्लीवरचा आक्षेप मात्र खरा निघाला : १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या यंत्राने ५६ तासांत ती शोधून काढली. एकाच दस्तऐवजात एक भाग भक्कम, दुसरा कच्चा. आणि मौन दोन्हींविषयी. पुढचा सगळा इतिहास वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

७/
आता वक्रांकडे. मानक संस्थेचे नाव एव्हाना ‘निस्ट’ झाले होते. २००० मध्ये निस्टने १५ वक्रांची यादी प्रसिद्ध केली. पी-२५६, पी-३८४, पी-५२१ ही त्यातलीच नावे. आयपीसेकचे गट १९, २० आणि २१ म्हणजे हेच तीन वक्र. वक्र निवडण्याचे काम एनएसएमध्ये झाले होते. प्रत्येक वक्राचा ‘ब’ हा अंक एका १६० बिटांच्या ‘बीजा’वर एसएचए-१ ही प्रक्रिया चालवून काढला होता. हेतू असा, की वक्र कोणी मुद्दाम घडवलेला नाही हे जगाला पटावे. फक्त ते बीज कुठून आले, हे सांगितले गेले नाही.

८/
बीजाचा उगम महत्त्वाचा का? समजा, दर दहा लाख वक्रांमागे एक वक्र दुबळा आहे आणि ते दुबळेपण ओळखण्याची युक्ती एकाच संस्थेला ठाऊक आहे. मग त्या संस्थेने दुबळा वक्र सापडेपर्यंत बीजामागून बीज तपासून पाहावे. बाहेरच्याला शेवटचे बीज तेवढे दिसते. अधिकृत नोंदणीत गट १९ च्या नावात ‘रँडम’ हा शब्द आहे. जी गोष्ट सिद्ध करायची, तीच नावात घालून मोकळे होण्याचा हा प्रकार. वतनाच्या बनावट कागदावरही ‘अस्सल’ असेच लिहिलेले असते.

९/
यावर अभियंत्यांचे उत्तर ठरलेले : ‘पी-२५६ मध्ये आजवर कोणालाही चोरदरवाजा सापडलेला नाही.’ हे खरे आहे, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. दोन दशकांहून अधिक काळ जगातील उत्तमोत्तम गणितज्ञांनी तो वक्र तपासला आहे. पण ‘दोष सापडलेला नाही’ आणि ‘उगम स्वच्छ आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले आजच्या ज्ञानाविषयी बोलते, दुसरे घडवणाऱ्याच्या वर्तनाविषयी. त्या घडवणाऱ्याच्या वर्तनाची नोंद आता उपलब्ध आहे.

१०/
२००६ मध्ये निस्टने यादृच्छिक संख्या निर्माण करण्याच्या काही पद्धती मानक केल्या. त्यांतली एक होती ‘ड्युअल ईसी’. ती एलिप्टिक वक्रावरच उभी होती आणि त्यात ‘पी’ व ‘क्यू’ असे दोन ठरलेले बिंदू होते. ती तिच्या जोडीच्या पद्धतींहून संथ होती, तरीही यादीत होती. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन यांनी एका परिषदेत छोटेसे सादरीकरण केले : ज्याला पी आणि क्यू यांतले गुप्त नाते ठाऊक आहे, त्याला थोडेसे उत्पादन पाहून पुढची प्रत्येक ‘यादृच्छिक’ संख्या सांगता येईल.

११/
म्हणजे कुलूप भक्कम, पण किल्ली ज्या साच्यातून पडते तो साचाच तिसऱ्याच्या खिशात. त्या वर्षी या शोधाची चर्चा झाली, लेख आले आणि मानक जागच्या जागी राहिले. ‘कोणी एवढे उघड कशाला करील?’ हा युक्तिवाद तेव्हा शहाणपणाचा मानला गेला. संशय घेणारे आततायी ठरले. तांत्रिक पुरावा समोर असताना प्रतिष्ठेवर विश्वास ठेवण्याचे हे उदाहरण इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

१२/
सप्टेंबर २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने दिलेल्या कागदपत्रांवरून ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘गार्डियन’ आणि ‘प्रोपब्लिका’ यांनी वृत्ते दिली. वर्षाला सुमारे २५ कोटी डॉलर खर्चाचा एनएसएचा एक कार्यक्रम उघड झाला; व्यापारी कूटलेखनाच्या मानकांवर प्रभाव टाकणे हे त्याचे एक उद्दिष्ट होते. डिसेंबरमध्ये रॉयटर्सने वृत्त दिले, की ड्युअल ईसी मूळ पर्याय म्हणून ठेवण्याच्या करारापोटी आरएसए कंपनीला एक कोटी डॉलर मिळाले होते. उत्पादन जाणूनबुजून दुबळे केल्याचा आरोप कंपनीने नाकारला. निस्टने २०१४ मध्ये ती पद्धत काढून टाकली. शेत राखायला घातलेल्या कुंपणानेच शेत खाल्ले होते.

१३/
‘हे सारे संख्यानिर्मितीबद्दल झाले, व्हीपीएनचा काय संबंध?’ संबंध डिसेंबर २०१५ मध्ये दिसला. ज्युनिपर कंपनीने जाहीर केले, की तिच्या नेटस्क्रीन उपकरणांच्या ‘स्क्रीनओएस’ प्रणालीत अनधिकृत बदल सापडले असून, त्यांतल्या एकामुळे व्हीपीएनचा मजकूर उलगडता येतो. संशोधकांनी जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या. त्या प्रणालीत ड्युअल ईसी होते, कंपनीने स्वतः निवडलेल्या क्यू बिंदूसह. २०१२ मध्ये कोणीतरी आत शिरून तो क्यू बदलून आपला क्यू ठेवला होता.

१४/
ज्युनिपरची एक ढाल होती : ड्युअल ईसीचे उत्पादन थेट न वापरता दुसऱ्या एका पद्धतीतून गाळून घेण्याची योजना होती. प्रत्यक्षात संगणकीय आज्ञांमधील एका चुकीने ती गाळणी कधी चालतच नव्हती. चोरदरवाजाचे तत्त्व गडकोट पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. संकटात राजाला निसटता यावे म्हणून ठेवलेली वाट शत्रूला सापडली, की तीच गड घेते. ‘चांगल्या लोकांसाठी’ ठेवलेला दरवाजा माणूस पाहून उघडत नाही. नुसते कुलूप बदलून दुसऱ्याने तो आपलासा केला आणि तीन वर्षे कोणाला पत्ता लागला नाही.

१५/
आता दुसऱ्या टोकाचे लोक. ‘म्हणजे निस्टचे सगळेच पोखरलेले, काहीही वापरू नका,’ असा निष्कर्ष काढणारे. हाही आळसच आहे, फक्त उलट दिशेचा. याच निस्टने १९९७ मध्ये डीईएसच्या वारसासाठी खुली जागतिक स्पर्धा घेतली. १५ प्रस्ताव आले, सर्वांची जाहीर चिरफाड झाली आणि व्हिन्सेंट रेमेन व जोन डेमेन या बेल्जियन जोडीची पद्धत निवडली गेली. तीच एईएस, तिच्या निवडीबद्दल असा संशय कोणी गंभीरपणे घेत नाही. संस्था एकच, कार्यपद्धती दोन आणि फळेही दोन. विश्वास ठेवायचा तो कार्यपद्धतीवर. पाटी पाहून नव्हे.

१६/
जर्मनीतून आलेल्या ‘ब्रेनपूल’ वक्रांनी २०१० मध्ये बीजे पाय आणि ई या सुपरिचित स्थिरांकांतून घेतली. लपवायला काही उरले नाही, असे वाटले. २०१४ मध्ये डॅनियल बर्नस्टाइन, तान्या लांगे आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की एवढ्यानेही भागत नाही. स्थिरांक कोणता, प्रक्रिया कोणती, अंक कुठून मोजायचे, अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या निवडी इतक्या असतात, की त्यांच्या आड हवा तो वक्र काढून वर सोज्वळ स्पष्टीकरण जोडता येते. त्यांनी स्वतःच एक वक्र असा काढला, की त्याच्या अंकांत आधीच ठरवलेला चेष्टेचा शब्द उमटला.

१७/
मग निवडीला वावच ठेवायचा नाही, हा मार्ग उरतो. बर्नस्टाइन यांच्या २००५-०६ मधील ‘कर्व्ह२५५१९’ चा तो दावा आहे. मूळ संख्या २²⁵⁵ − १९. नाव तिथूनच आले. समीकरणातील एकमेव मोकळा अंक ४८६६६२ : जाहीर केलेल्या सुरक्षा-अटी पूर्ण करणारा सर्वांत लहान. कोणीही अटी वाचून, गणित करून त्याच अंकावर पोहोचू शकतो. आयपीसेकमध्ये हाच गट ३१. २०२३ मध्ये निस्टनेही आपल्या वक्रांच्या दस्तऐवजात त्याला स्थान दिले. अस्सल कागद हवा तर असा : ज्याची प्रत कोणालाही स्वतः काढून ताडून पाहता येते.

१८/
पण शुद्ध जन्म म्हणजे अमरत्व नव्हे. आयपीसेकच्या १९९८ च्या मानकातील गट २ पाहावा. तो वक्रांचा नसून १०२४ बिटांच्या जुन्या पद्धतीचा आहे. त्याची मूळ संख्या पायच्या अंकांवरून काढलेली, म्हणजे उगम निष्कलंक. तरीही २०१५ च्या ‘लॉगजॅम’ संशोधनाने बजावले, की १०२४ बिटांच्या अशा एकाच सामायिक संख्येवर एखाद्या राष्ट्राने बळ खर्च केले, तर जगातील ६६ टक्के व्हीपीएन सर्व्हरांचे संभाषण निमूटपणे वाचता येईल. कारण सगळ्यांनी तीच संख्या वापरली होती आणि कोणीच ती बदलली नव्हती.

१९/
‘यादी मोठी असू द्या, जुनी उपकरणे जोडता येतात,’ हा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद. त्याचे उत्तरही २०१५ मध्येच मिळाले. नव्वदच्या दशकात अमेरिका परदेशी जाणारे कूटलेखन मुद्दाम दुबळे ठेवायला लावत असे. ते निर्बंध २००० मध्ये सैल झाले, पण ‘निर्यातीच्या’ त्या पद्धती याद्यांमध्ये तशाच पडून राहिल्या. ‘फ्रीक’ आणि ‘लॉगजॅम’ या हल्ल्यांनी नव्या संगणकांना त्या मेलेल्या पद्धतींकडे ढकलून दाखवले. कायद्याचे दात पडून पंधरा वर्षे झाली होती. त्याचा चावा मात्र चालूच होता.

२०/
‘परवानगी असलेली यादी’ नसेल तर काय होते, हेही घडून गेले आहे. जानेवारी २०२० मध्ये विंडोज १० मधील एक दोष दुरुस्त झाला. प्रमाणपत्रासोबत स्वतःचा वक्र पाठवण्याची मुभा होती आणि तपासणाऱ्या संगणकाने आरंभबिंदू पडताळलाच नव्हता. हल्लेखोराने आपल्याला सोयीचा आरंभबिंदू निवडायचा आणि विश्वासू संस्थेची खोटी सही करायची, एवढे ते सोपे होते. हा दोष मायक्रोसॉफ्टला कळवला एनएसएने. चोर आणि पहारेकरी यांची नावे इतिहासात कायमची वाटून दिलेली नसतात.

२१/
मानकांनी यातून धडा घेतल्याचे आकड्यांतच दिसते. इंटरनेटच्या टीएलएस या सुरक्षा-पद्धतीच्या २००६ च्या दस्तऐवजात २५ नामांकित वक्र होते, शिवाय स्वतःचा वक्र पाठवण्याची मुभा. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये पाच वक्र उरले आणि ती मुभा गेली. २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या वायरगार्ड या व्हीपीएनने तर एकच वक्र ठेवला, कर्व्ह२५५१९, घासाघीस नाहीच. मात्र उद्या तोच ढासळला, तर वायरगार्डला आवृत्तीच बदलावी लागेल. ही किंमत खरी आहे. पण ती उघडपणे मोजलेली आहे.

२२/
तर यादीत काय असावे? सर्वांत आधी कर्व्ह२५५१९. त्यानंतर पी-३८४ किंवा पी-२५६, पण सरकारी नियम वा ग्राहकाचा करार तशी सक्ती करीत असेल तरच, आणि ते कारण शेजारी लिहून. बाकी सारे बाहेर. पी-२५६ ला गुन्हेगार ठरवण्याचा हा प्रकार नव्हे. पुराव्याविना शिक्षा इतिहासालाही मान्य नाही. ज्या साक्षीदाराला स्वतःचा जन्म सांगता येत नाही, त्याला पहिल्या रांगेत बसवू नये, एवढेच म्हणणे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिलिप्पो वाल्सोर्दा यांनी त्या बीजांचा उगम शोधण्यासाठी १२,२८८ डॉलरचे बक्षीस जाहीर केले. मानक झाल्यानंतर तेवीस वर्षांनी!

२३/
हा प्रश्न दूरच्या अमेरिकेचा नाही. हिंजवडीच्या किंवा ऐरोलीच्या कार्यालयात बसून परदेशी बँकेचे, रुग्णालयाचे व्हीपीएन सांभाळणारी मराठी मुले-मुली ही ओळ रोज पाहतात. त्यांतले कित्येक रविवारी गडावर जातात, शिलालेख वाचतात, मोडी शिकतात. सोमवारी मात्र ‘वरून आले आहे’ म्हणून यादी पुढे ढकलतात. शनिवार-रविवारची चिकित्सा सोमवारी कुठे जाते? त्या ओळीच्या भरवशावर एखादा पत्रकार आपला स्रोत आणि एखादी डॉक्टर आपल्या रुग्णांची माहिती सोडून देत असते.

२४/
आणि घड्याळ पुन्हा चालू झाले आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले होते, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर हे सगळेच वक्र कोसळतील, स्वच्छ जन्माचे आणि संशयित जन्माचे सारखेच. आज साठवलेले संभाषण त्या दिवशी उलगडता येईल. ऑगस्ट २०२४ मध्ये निस्टने, २०१६ पासूनच्या खुल्या प्रक्रियेनंतर, ‘एमएल-केम’ हे नवे मानक प्रसिद्ध केले. सध्याचा शहाणा मार्ग म्हणजे दोघांची जोडी : जुना वक्र आणि नवी पद्धत एकत्र, एक पडली तरी दुसरी उभी.

२५/
म्हणजे येत्या काही वर्षांत जगातील प्रत्येक व्हीपीएनची यादी नव्याने लिहिली जाणार आहे. अशी संधी १९७७ मध्ये आली, २००० मध्ये आली. दोन्ही वेळा बहुसंख्यांनी ‘तज्ज्ञ पाहून घेतील’ म्हटले. या वेळी प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : हा आकडा कोणी दिला, कसा काढला, आणि पुन्हा कधी तपासायचा. नोंद असलेली यादी पुढच्या माणसाला बदलता येते. नोंद नसलेल्या यादीला हात लावायला प्रत्येक जण घाबरतो, आणि गट २ सारखे जुने क्रमांक त्या भीतीच्या आश्रयाने जगतात.